बेल वाजली की शू: माणसं बघून मुतणाऱ्या छोट्या कुत्र्याचं काय करायचं

आमच्या चपलांच्या कपाटाला दीड वर्षापूर्वीपर्यंत एक जुना टॉवेल कायम अडकवलेला असायचा. बेल वाजली, दार उघडलं, आलेला माणूस "अगं बाई, माझी पिठुली ती!" म्हणत खाली वाकला, की आमची पिठी कान मागे पाडून, सगळं अंग शेपटीसकट वळवळवत त्याच्या पायाशी जायची. मागचे पाय जरासे फाकायचे आणि पिवळसर पाण्याची बारीक धार फरशीच्या सांध्यासांध्याने कपाटाखाली निघायची. तिला त्याचा पत्ताही नसायचा, त्याच ओल्यात ती नाचत राहायची. मग आम्ही तिघं एकदम ओरडणार, पाहुणा एका पायावर उभा, कुणीतरी टॉवेल ओढतंय, आणि त्या गोंधळात ती आणखी थोडी करणार.

पिठी सहा किलोची, पांढरी. लोक पॉमेरियन म्हणतात, पण आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तशीच ही. पाच महिन्यांची असताना हे सुरू झालं आणि वर्षाची होता होता जवळजवळ थांबलं. मधल्या सात महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो आणि डॉक्टरांकडून काय शिकलो ते लिहिते. घर डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, अंगण-बिंगण काही नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

शू कुठली, ते आधी ओळखा

माणूस भेटताना होणारी शू साधारण दोन तऱ्हेची. एक निव्वळ आनंदाची: शेपूट उंच, उड्या, इकडून तिकडे पळणं, आणि उभ्याउभ्या किंवा चालता चालता गळणारे थेंब. दुसरी दबण्याची: अंग चोरणं, कान डोक्याला चिकटलेले, शेपूट पायांत, नजर चुकवणं, कधी उताणं पडून पोट दाखवणं आणि त्या अवस्थेत शू. दुसऱ्या प्रकारात कुत्रं आपल्या भाषेत सांगत असतं की "मी लहान आहे, मला काही करू नका". बऱ्याच कुत्र्यांत दोन्हींची भेळ असते. पिठीचीही होती. शेपूट हलतेय म्हणून आम्ही खूश, पण मागे पडलेले कान कुणी बघितलेच नव्हते.

दोन्हींत एक गोष्ट सारखी, कुत्रं हे मुद्दाम करत नाही. पिल्लाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवर त्याचा ताबा पुरता बसलेला नसतो आणि भावनेचा जोर आला की तो सुटतो. त्यामुळे पुष्कळशी पिल्लं वर्षाच्या आसपास आपोआप सुधारतात. ओरडा खाणारी मात्र मागे राहतात. रागावलात की दबण्याची शू वाढते, आणि कुत्र्याच्या डोक्यात "पाहुणा आला की घरचे चिडतात" एवढंच पक्कं होतं. नाक शूमध्ये घासण्याचा सल्ला आम्हाला सोसायटीत निदान चार जणांनी दिला. तो चारही वेळा ऐकून सोडून दिला, ही आमची त्या काळातली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

डॉक्टर सगळ्यात आधी

कितीही खात्री वाटली तरी एकदा लघवी तपासून घ्या. लघवीच्या मार्गाला संसर्ग, मूत्राशयात खडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, यांतलं काही असेल तर तुमचा सगळा सराव पाण्यात. शंका घ्यावी अशी लक्षणं: माणूस नसतानाही शू होणं, झोपलेल्या जागी ओलं सापडणं, सारखं सारखं थोडं थोडं करणं, करताना कण्हणं, रक्त, उग्र वास, किंवा पाणी एकदम जास्त पिणं. दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते जास्तच. सहा किलोच्या कुत्र्याला ही हद्द ६०० मिली. पाणी मापून वाडग्यात ओता आणि दुसऱ्या दिवशी किती उरलं ते बघा. नसबंदी झालेल्या मादीत झोपेत शू गळण्याचा एक वेगळा आजार असतो आणि त्यावर औषध आहे. तो आणि हा प्रकार एक समजू नका. मोठं झालेलं, आजवर कोरडं राहिलेलं कुत्रं अचानक असं करू लागलं तर वाट न बघता दाखवा.

नमुना गोळा करणं हेच आमच्या घरी नाटक झालं. छोटं कुत्रं जमिनीला इतकं टेकून बसतं की डबी खाली जातच नाही. शेवटी लांब दांड्याचा वरणाचा जुना डाव उकळत्या पाण्यात धुऊन, वाळवून घेतला, सकाळी सहाला खाली नेलं, बसल्याबरोबर डाव हळूच मागून सरकवला. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओतलं. एक-दोन तासांत पोचवता आलं तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) फ्रिजला ठाम नकार दिला, म्हणून मी साडेआठलाच दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. तो डाव अर्थातच पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही.

आणि हो, शू कमी व्हावी म्हणून पाणी कमी करू नका. त्याने फक्त लघवी दाट होते आणि त्रास वाढतो.

आठवडाभर वही ठेवा

तपासणी स्वच्छ आली, तेव्हा डॉक्टरांनी एक वही घालायला सांगितली: कोण आलं, काय बोललं, कसं वागलं, शू झाली की नाही, आधीची शू किती वाजता होती. मला वाटलं, बेल वाजली की होते, त्यात लिहायचं काय? पण सातव्या दिवशी वही उघडली आणि मीच चाट पडले.

दूधवाला रोज यायचा, शू नाही. कुरिअरवाला आला, नाही. कामाच्या मावशी रोज सकाळी यायच्या, एकदाही नाही. शेजारच्या काकू, चार वेळा आल्या, चारही वेळा. माझा मुलगा शाळेतून आला की रोज. मी ऑफिसातून आले की रोज. आत्याबाई रविवारी आल्या, दोनदा.

बेल तर सगळ्यांसाठी तीच वाजत होती. फरक होता तो मावशींच्या वागण्यात. त्या यायच्या, चपला काढायच्या, पिठीकडे न बघता सरळ मोरीकडे जायच्या. पिठी मागोमाग जाऊन त्यांच्या साडीचा काठ हुंगायची, शेपूट हलवायची आणि आपल्या जागी येऊन पडायची. काकू मात्र दारातूनच गळा काढायच्या, डोळ्यांत डोळे घालून वरून वाकायच्या आणि डोक्यावर हात ठेवायच्या. सहा किलोच्या जिवाच्या नजरेने हे बघायचं असेल तर एकदा फरशीवर आडवं पडा आणि कुणालातरी हसत हसत तुमच्या तोंडावर ओणवं व्हायला सांगा. मोठ्या कुत्र्यावर कुणाला एवढं वाकावं लागत नाही, छोट्यावर सगळेच वाकतात.

म्हणजे उपाय कामाच्या मावशींना आधीपासून येत होता. बाकीच्यांना तो शिकवायचा होता.

घरच्या माणसांचं येणं

सुरुवात इथूनच करा, कारण घरचे रोज येतात आणि सराव फुकट मिळतो. मी जे करत होते ते जसंच्या तसं सांगते.

दार उघडायच्या आधी मूठभर नाही, चार-पाच दाणे खाऊ (तिच्या रोजच्याच खाण्यातले) हातात. दार उघडलं की बोलायचं नाही, बघायचं नाही, अंग थोडं आडवं ठेवायचं, म्हणजे तोंड तिच्याकडे नाही तर भिंतीकडे. दाणे तिच्या पुढ्यात नाही, मागच्या बाजूला फरशीवर भिरकावायचे. ती वळून हुंगत शोधायला लागते. खाली नाक घालून हुंगणारं कुत्रं उड्या मारू शकत नाही, आणि शोधता शोधता शांतही होतं. तेवढ्यात मी चपला काढते, पिशवी ठेवते, हात धुते, पाणी पिते. ती पायात आली तर चालत राहते.

पाचेक मिनिटांनी, जेव्हा चारही पाय जमिनीवर असतात, तोंड मिटलेलं किंवा सैल असतं आणि शेपूट फिरकीऐवजी सावकाश हलत असते, तेव्हा मी जमिनीवर बसते. तेही तिच्याकडे कूस करून. तिला यायचं तर ती येते. हात डोक्यावरून न्यायचा नाही, खालून छातीला किंवा हनुवटीखाली लावायचा, तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. तिने आणखी मागितलं तर पुन्हा. कान मागे पडायला लागले किंवा मागचा भाग खाली जायला लागला की हात काढून उठायचं, अगदी सहज, काही झालंच नाही असं.

आवाजाचं म्हणाल तर, "आलीस का गं" हे वाक्य लाडात, वरच्या पट्टीत म्हटलं की शू, आणि भाजीवाल्याला भाव विचारावा त्या सुरात म्हटलं की कोरडं. खोटं वाटत असेल तर करून बघा.

पहिले चार-पाच दिवस काही फरक दिसला नाही. उलट दुर्लक्ष झालं म्हणून ती जास्तच भुंकली. दुसऱ्या आठवड्यात माझ्या येण्याची शू थांबली. मुलाला वेळ लागला, कारण दिवसभर त्याची वाट बघणाऱ्या कुत्र्याकडे दहा वर्षांच्या पोराने बघायचं नाही ही शिक्षाच होती. मग त्याला काम दिलं: आल्यावर दप्तर ठेवायचं, कपडे बदलायचे आणि मग पिठीला घेऊन पाच मिनिटं दाणे लपवाछपवी खेळायची. लाड बंद झाले नाहीत, फक्त दारातून आतल्या खोलीत गेले.

मूत्राशय रिकामं असलं की अर्धं काम झालं

कुत्र्याची लघवी साधारण ताशी किलोमागे १ ते २ मिली तयार होते. सहा किलोच्या पिठीत चार तासांत २४ ते ४८ मिली, कटिंगच्या ग्लासात अर्ध्याच्या आसपास. एवढी पोटात असताना पाहुणा आला तर तळं, तासाभरापूर्वी खाली जाऊन आली असेल तर चार थेंब. पाहुणे यायचे ठरलेले असतील तर आधी दहा मिनिटं खाली नेऊन आणा.

पावसाळ्यात ही गणितं बिघडतात. बाहेर धो धो पडत असलं की पिठी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून पावसाकडे बघते आणि मागे वळते. पार्किंगच्या छपराखालचा एक कोपरा ठरवून घ्या, आणि शू केल्याबरोबर तिथेच खाऊ द्या. घरी आल्यावर दिलात तर तो घरी आल्याचा ठरतो.

पाहुण्यांना शिकवणं

हे सगळ्यात अवघड. कुत्रं शिकतं, माणूस "अहो मला चालतं, मला कुत्री आवडतात" म्हणत वाकतो. तोंडी सांगून भागत नाही असं दिसल्यावर मी व्हॉट्सअॅपवर एक निरोपच तयार ठेवला: "खाली आलात की फोन करा, बेल नको. पिठीकडे पहिली पाच मिनिटं बघू नका, बोलू नका, वाकू नका. सरळ येऊन खुर्चीवर बसा. ती हुंगेल, हुंगू द्या. नाहीतर पायमोजे धुवावे लागतील." शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं.

पाहुणा बसल्यावर त्याच्या हातात दाणे द्या आणि ते लांब जमिनीवर टाकायला सांगा. हातातून भरवायला लावलं तर लाजरं कुत्रं खाऊसाठी नको इतकं जवळ जातं आणि मग घाबरतं. खाऊ म्हणजे त्याचं रोजचंच खाणं, नाहीतर नखाएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून वजा. पाहुण्याने प्रेमाने पुढे केलेला चॉकलेटचा तुकडा किंवा मनुका चालणार नाहीत, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

ज्यांना अजिबात राहवत नाही, अशांना खालीच भेटवा. आमच्या आत्याबाई त्यातल्या. त्या आल्या की पिठीला पट्टा घालून गेटपाशी नेतो, तिथे काय व्हायचं ते होऊन जातं, थोडं फिरतो आणि सगळे मिळून वर येतो. घरात एकत्र शिरलं की "दार उघडलं आणि माणूस उगवला" हा धक्काच राहत नाही.

पाहुण्याला सोडवायचं म्हणून छोट्या कुत्र्याला झटकन उचलू नका. पोटावर दाब येतो, आधीच भरलेलं मूत्राशय, आणि मग तुमचाच सदरा. उचलण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दारात फळी किंवा लहान मुलांचं फाटक लावा आणि पलीकडे दाणे टाका.

बेलेचा सराव

बेलेचा आवाज हाच अर्धा फटाका. तो फुसका करायचा असेल तर कुणी येणार नसताना बेल वाजवायची. आम्ही बेलेचा आवाज मोबाइलवर घेतला. आधी अगदी बारीक आवाजात वाजवायचा आणि लगेच तिच्या सतरंजीवर दाणे टाकायचे. ही सतरंजी दारापासून लांब, जिथून दार दिसतं अशा कोपऱ्यात. एका वेळी पाचच वेळा, दिवसातून दोनदा. बारीक आवाजाला ती आपणहून सतरंजीकडे बघायला लागली की आवाज थोडा वाढवायचा. मग खरी बेल, घरचंच माणूस बाहेरून वाजवून आत न येता परत. मग दार उघडायचं, पण बाहेर कुणी नाही. मग घरचं माणूस आत. मग काकू.

घाई केली की मागची पायरी गाठावी लागते. आम्ही तिसऱ्याच दिवशी काकूंना बोलावलं आणि टॉवेल धुवायला टाकला. फरशी गुळगुळीत असेल तर दार ते सतरंजी एक पायपुसण्यांची वाट घाला. पाय घसरणारं कुत्रं शांत राहूच शकत नाही.

झालीच तर

होणारच. तेव्हा तोंडातून "अरे अरे", "शी" काही काढायचं नाही. पाहुण्याला आत जायला सांगा, कुत्र्याला दाण्यांच्या मागे दुसऱ्या खोलीत न्या, आणि ते दिसेनासं झाल्यावर पुसा. तुम्ही खाली बसून फडकं फिरवता ही त्याला गंमतही वाटते आणि धाकही.

पुसताना आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग एन्झाइम क्लीनर (शूचा वास मुळातून मोडणारं द्रावण) फवारून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, विशेषतः सांध्यांत. पेट शॉपमध्ये मिळतो. नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे, पण संगमरवरावर नको, डाग पडतो. फिनेलने आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला येतो आणि तीच जागा मुतायची ठरते. काळं फिनेल तर नकोच, पंजे चाटताना पोटात जातं. शूवर ब्लीच ओतू नका, दोन्ही मिळून घशाला झोंबणारा वायू निघतो. घरात रांगतं मूल असेल तर हातमोजे घाला, आणि कुत्र्याची लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होणारा जंतुसंसर्ग) लस झाली आहे ना ते बघा. लेप्टो मुख्यतः लघवीतून पसरतो आणि आपल्या पावसाळ्यात तो नवा नाही.

डायपर किंवा नरांसाठी पोटपट्टा मिळतो. लग्नघरात एक दिवस ठीक. रोज घातला तर कातडी लाल होते आणि माणसं सराव विसरतात.

गणपतीत आम्ही शिकवणं पूर्ण बंद ठेवतो. आरतीला पंधरा माणसं, टाळ, झांजा, चपलांचा ढीग. तेव्हा पिठी आतल्या खोलीत, पंखा चालू, दार बंद, चघळायला काहीतरी. दर आरतीनंतर मागच्या जिन्याने खाली. पाच दिवसांत एक धडा कमी झाला तर बिघडत नाही, पाच दिवस रोज चुकण्याचा सराव झाला तर बिघडतं.

दोन महिने नेमाने करूनही वही जैसे थे असेल, किंवा कुत्रं माणूस दिसताच लपत असेल, थरथरत असेल, तर परत डॉक्टरांकडे जा आणि वागणुकीवर काम करणाऱ्या माणसाचं नाव विचारा. पट्ट्याला झटके देणारा, "बॉस कोण ते दाखवा" म्हणणारा ट्रेनर या प्रश्नाला अगदी उलटा.

पिठीचं श्रेय मी सगळं सरावाला देणार नाही, वयानेही काम केलंच असेल. आता बेल वाजली की ती सतरंजीवर जाऊन दाण्यांसाठी माझ्याकडे बघते. काकू अजून गळा काढतात, पण सोफ्यावर बसल्यावर. आणि आत्याबाईंची भेट अजून गेटपाशीच होते, नळाच्या शेजारी.